पिवळा ठिपका

१२ जानेवारी २०२५, रविवार

करंजाड्याहून येताना तो आवाज पुन्हा आला. लेकीकडे, श्रुतीकडे जेवून निघालो. तिच्या बिल्डिंगपुढचा उखडलेला रस्ता संपेपर्यंत पुढच्या डाव्या चाकाखाली टकटक, टकटक. चांगला रस्ता लागला की गप्प. चारुलता म्हणाली, "रूपेशला दाखवा ना." मी म्हटलं, रूपेशनेच तर गेल्या वर्षी हे चाक खोललं होतं. डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात, त्याने नवा टाकला होता. नवा पार्ट वर्षाच्या आत वाजायला लागतो कसा?

रूपेश शेजारच्या सारसोळे गावातला. नेरूळमधल्या आमच्या सोसायटीतल्या चौदा-पंधरा गाड्या तोच बघतो. दर रविवारी हत्यारांची पेटी घेऊन येतो, गेटजवळ बदामाखाली गोणपाट अंथरतो आणि दुपारपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली असतो. हात चांगला आहे, पण मोजमाप शून्य. पाना ओढतो आणि म्हणतो, "बस झाला." मी एकतीस वर्षं कंपनीत क्वालिटीत काढली. "बस झाला" या मापाची पट्टी माझ्याकडे नाही.

चारुलता माझ्या पिवळ्या ठिपक्यांची थट्टा करते. तपासलेल्या आणि पास झालेल्या वस्तूला पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा, ही कंपनीतली सवय घरीही सुटली नाही. गॅसचा रेग्युलेटर, नवा कुकर, पंखा, सगळ्यांना ठिपके आहेत. आज म्हणाली, "छत्तीस वर्षं झाली, मला नाही दिलात कधी ठिपका." मी म्हटलं, तपासणी चालू आहे. तर म्हणाली, "त्यापेक्षा माळ्यावरचं भंगार काढा. लोखंडानं भरलेला कसला खोका ठेवलाय, परवा माझ्या पायावर पडता पडता राहिला."

बघू. आधी गाडी. यावेळी मीच उघडणार आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

रागाने अक्षर नीट येत नाहीये.

सकाळी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, बॅटरी मारून बघितलं. आर्मच्या मागच्या बुशचं, म्हणजे आर्म गाडीला जोडणाऱ्या सांध्याचं, रबर फाटून लोंबतंय. आणि त्याच आर्मवर, चिखल पुसल्यावर, माझा पिवळा ठिपका!

२०१७ साली गाडी घेतली तेव्हा तिचे खालचे सगळे पार्ट तपासून मी ठिपके दिले होते. म्हणजे हा मूळचाच आर्म. रूपेशने गेल्या वर्षी नवा टाकलाच नाही. जुना पुसून परत बसवला आणि नवा म्हणून सांगितलं.

फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "रूपेश मेकॅनिकने आपल्याला कसं फसवलं, याचा पुरावा. माणूस खोटं बोलेल, ठिपका बोलणार नाही." सकाळपासून ग्रुपवर तिळगुळाची चित्रं चालली होती. त्यांच्याखाली माझा फोटो. तासाभरात चाळीस मेसेज. ज्यांच्या गाडीला काही झालेलं नव्हतं त्यांनाही आपली गाडी वाजते असं आठवायला लागलं.

संध्याकाळी रूपेश आला. कुणीतरी त्याला फोटो दाखवला असणार. दारातच उभा राहिला. म्हणाला, "काका, मी नवीनच टाकला होता. जुना पार्ट तुमच्या हातान दिला, नव्याच्या खोक्यात घालून. तुमी नीट आठवा."

मी म्हटलं, आठवायचं काय, समोर दिसतंय.

त्याच्या हातात स्टीलचा छोटा डबा होता. आईने तिळगूळ दिला होता म्हणे. मी घेतला नाही. चारुलता आतून बघत होती.

१९ जानेवारी, रविवार

कमिटीची मीटिंग. आमच्या अध्यक्षा प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या, "देवस्थळीसाहेबांनी तपासलंय म्हणजे प्रश्नच नाही." रूपेशला कंपाउंडमध्ये यायला बंदी. ठराव एकमताने झाला. वॉचमन नामाचं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून गेटच्या वहीत पहिल्या पानावर मीच लिहिलं: रूपेश मेकॅनिक, सारसोळे, प्रवेश बंद. खाली सही केली.

नामा म्हणाला, "साहेब, मानूस तसा नव्हता वाटला." मी म्हटलं, वाटण्यावर काही चालत नाही.

आज बदामाखाली कुणी नव्हतं. जागा जरा मोठी वाटली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं, जिलब्या झाल्या आणि मी बॉयलर सूट घालून खाली उतरलो. बघायला पंधरावीस माणसं. खोटं कशाला लिहू, मला आवडलं ते.

नवा आर्म आणला होता, गाडी दोन स्टॅण्डवर होती. बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा सांधा, सुटायला दीड तास लागला. खाली पाठ टेकल्यावर कळलं की बासष्ट वर्षांच्या माणसाने हे करायचं असेल तर आधी पाठ बदलावी. पण बसवला. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. ठरलेला दाब आला की पाना टक् करून आवाज देतो, अंदाजाचं काम नाही. चाक हवेत लटकत असतानाच आवळलं, हात नीट पोचत होता. मग आर्म पुसून ठिपका दिला.

चार वाजता पामबीच रोडवरून चक्कर मारली. गाडी गप्प. परत आल्यावर सौरभ, आमचे सेक्रेटरी, म्हणाले, "काका, तुमीच आमच्या गाड्या बघा आता." मी हसलो. फार दिवसांनी असा हसलो.

२७ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

काढलेला आर्म टाकवत नव्हता. पुरावा म्हणून माळ्यावर ठेवायला स्टुलावर चढलो. तिथे चारुलता म्हणत होती तो खोका. नव्या पार्टचा खोका. उघडला. आत जुना आर्म. रबर पार झिजलेलं, आणि त्याच्यावर पिवळा ठिपका. पुसट, पण माझाच.

स्टुलावर उभा होतो. एका हातात एक आर्म, दुसऱ्या हातात दुसरा. दोन्हींवर ठिपका.

मग गेल्या वर्षीची डायरी काढली. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार. माझंच अक्षर. जसंच्या तसं उतरवून घेतो:

"रूपेशने डावा आर्म नवा टाकला. जुना खोक्यात घालून दिला, माळ्यावर ठेवला. त्याने बोल्ट टॉर्क रेंचशिवाय आवळले होते. तो गेल्यावर गाडी पुन्हा जॅकवर घेतली, सगळे सैल करून मापाप्रमाणे आवळले. आर्म तपासला. पास. ठिपका दिला."

नव्या आर्मवर ठिपका मी दिला. मीच दिला, आणि विसरलो. तो म्हणाला होता, नीट आठवा.

बोल्ट तेवढे मी मापाप्रमाणे आवळले होते, एवढं एक त्यात बरं. बाकी सगळ्याची लाज वाटते आहे. कान गरम झाले आहेत. घरात कुणी नाही, तरी वाटतंय कुणीतरी बघतंय.

२८ जानेवारी, मंगळवार

दोन्ही आर्म त्याच खोक्यात घातले, वर जुनी वर्तमानपत्रं टाकली. गेल्या वर्षीची डायरी कपाटात साड्यांच्या खाली. चारुलता साड्या रोज काढत नाही.

काय करायचं ते ठरवलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

स्वतःला सांगून बघितलं की वयोमानाप्रमाणे माणूस विसरतो. हे मी कंपनीत एकाही ऑपरेटरला म्हणू दिलं नव्हतं. एकदा एकाने एका लॉटवर चुकून दोनदा शिक्का मारला, तर त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. त्याचं नाव काल दिवसभर आठवत होतो. आठवलं नाही.

लिफ्टमध्ये एकजण म्हणाले, "बरं झालं काका, वेळेवर पकडलात." मी "हो" म्हटलं. पाच मजले "हो" म्हणत खाली आलो.

२ फेब्रुवारी, रविवार

आज सारसोळ्याला गेलो. आमच्या गेटपासून चालत बारा मिनिटं. चौदा वर्षं इथे राहतो, आज पहिल्यांदा गेलो.

रूपेशचं घर विचारत पोचलो. ओट्यावर त्याची आई, गोजराबाई, सुकट निवडत बसली होती. म्हटलं, मी देवस्थळी, पलीकडच्या सोसायटीतला. वाटलं होतं, ती उठून आत जाईल. तिने पाट पुढे सरकवला.

"बसा ना. रूपेश घरान नाय. करंजाड्याला मोठे गॅरेजान लागलाय ना आता. सकाली सातला जातो. रईवारी पन नाय सुटी."

मी विचारलं, केव्हापासून?

"संक्रांत झाली ना, त्याचे मागून. बोलला, आये, आता आपला फिरता धंदा नको, पक्की नोकरी बरी. मोठे शेठचा गॅरेज हाय." तिच्या तोंडावर कौतुक होतं. तिला काही माहीत नव्हतं. त्याने काही सांगितलं नव्हतं.

चहा दिला. मग आत जाऊन तोच स्टीलचा छोटा डबा घेऊन आली. "रथसप्तमी व्हयाची हाय अजून. तिलगूल घेवा."

मी घेतला. तोंडात घातला.

सांगायला गेलो होतो, न सांगता आलो. निघताना म्हणाली, "तुमचे सोसायटीची समदी चांगली मानसा हायेत. माझा रूपेश तुमचे जिवावर उभा राहिला." तिला हात जोडले आणि निघालो. रस्ता चुकून खाडीकडे गेलो, तिथून परत फिरलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्पीडब्रेकरवर बारीक कुरकुर. नव्या पार्टची असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

चारुलताने डायरी शोधली. शोधली म्हणजे हळदीकुंकवाच्या साड्या परत ठेवताना सापडली. तिने वाचली नव्हती. ती फक्त पलंगावर ठेवली आणि म्हणाली, "साड्यांखाली काय लपवता, लहान आहात का?"

मी सगळं सांगितलं. तिने हातातली साडी घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी त्याने तिळगूळ आणला होता."

म्हटलं, हो.

"तो तरी घ्यायचात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने उठून कुकर लावला. कुकरच्या झाकणावरचा ठिपका मला दिसत होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रुपसाठी मेसेज लिहिला: "रूपेश मेकॅनिकबाबत काही गैरसमज झाला होता. तो दूर झाला आहे. धन्यवाद." चारुलताला दाखवला.

"झाला होता? पाऊस झाला तसा?" ती म्हणाली. "कुणी केला ते कुठे आहे यात?"

पाठवला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

श्रुतीकडे जातो सांगून करंजाड्याला गेलो. गॅरेज सापडलं. पत्र्याची शेड, मोठं वगैरे काही नाही. मालक फोनवर. रूपेश एका टेम्पोखाली होता, फक्त पाय दिसत होते. चपलेवरून ओळखला.

त्याला बाहेर बोलवावं असं वाटलं, आणि मग वाटलं, बाहेर आला तर मला बोलता येणार नाही. म्हणून पायांशी बोललो. म्हटलं, "रूपेश, मी देवस्थळी. आर्म तू नवाच टाकला होतास. जुना माझ्या माळ्यावर आहे. नव्यावर ठिपका मीच दिला होता, गेल्या वर्षीच्या डायरीत लिहिलंय."

पाय हलले नाहीत. पान्याचा आवाज थांबला.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. मग चारुलता आठवली. "मी चूक केली."

तो घसरत बाहेर आला. कपाळाला ग्रीस. कापडाने हात पुसत बसला, एकेक बोट.

"मना ठाव होता, काका."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो ना. नीट आठवा बोललो. अजून काय बोलनार? तुमी लिहून ठेवता, फोटो काढता. आमी काय लिहत नाय. लोकं कोनाचा ऐकतील?"

म्हटलं, सगळ्यांना सांगतो, बंदी काढायला लावतो. तो ऐकत नव्हता. कसला तरी विचार करत होता.

"काका, डायरीत अजून काय लिवलाय? मी गेल्यावर तुमी त्याला परत खोलला काय?"

म्हटलं, हो, सैल करून टॉर्क रेंचने आवळला.

"गाडी वर असताना? चाक लोंबकळत?"

"हो."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. मग समजावलं, आवाज न चढवता. बुशचं रबर बोल्टाने जिथे आवळाल तिथे धरून राहतं. चाक लोंबकळत असताना आवळलं, की गाडी खाली उतरल्यावर ते रबर पिळलेलंच राहतं. रोज पिळलं जातं, मग फाटतं. म्हणून गाडीचा भार चाकांवर आला की मगच शेवटचं आवळायचं. "म्हनून मी हातानं लावतो, मग खाली उतरवून फायनल करतो. तुमी बघत होते ना वरून, गॅलरीतून? मी दोनदा आवळला म्हनून हसले होते."

हसलो होतो. हे डायरीत लिहिलेलं नाही, पण हसलो होतो.

म्हणजे फाटलाही माझ्याच हाताने. एकतीस वर्षांच्या मापाने. आणि नवीनही मी तसाच आवळलाय.

तो म्हणाला, "यो पन वर्षभर नाय टिकायचा. तुमची पोरगी बसते ना गाडीत?" मग जरा थांबून, "माफीबिफी नको काका. जसा ग्रुपवर टाकला होता तसाच टाका. फोटोसकट. आनि एक, आईला काय बोलू नका. तिला वाटतंय, मोठी नोकरी हाय."

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दहाला टाकलं. १८ फेब्रुवारीचं पान, दोन आर्म शेजारी शेजारी, दोन्ही ठिपके. खाली लिहिलं:

"१४ जानेवारीला मी रूपेशवर फसवणुकीचा आळ घेतला. तो खोटा होता. पार्ट त्याने नवा टाकला होता, ठिपका मी दिला होता आणि विसरलो. पार्ट खराबही मीच केला, चुकीचा आवळून. हे मला २७ जानेवारीला कळलं होतं. एकोणीस दिवस मी गप्प बसलो. रघुनाथ देवस्थळी."

शेवटची दोन वाक्यं घालावीत की नाही यात सकाळ गेली होती.

जानेवारीत तासाभरात चाळीस मेसेज आले होते. आज दुपारपर्यंत तीन. एक अंगठा, एक हात जोडलेले, आणि प्रियदर्शिनी मॅडमचा: "नोंद घेतली. बंदी रद्द." सगळ्यांनी वाचलंय हे दिसत होतं. त्यांनीही एकमताने हात वर केले होते.

नामाकडून वही मागितली. पहिल्या पानावरची ओळ खोडली, शेजारी सही केली. नामाने पेन परत घेतलं आणि वही मिटली.

१६ फेब्रुवारी, रविवार

रूपेश नऊ वाजता आला. काल रात्री त्याचाच फोन आला होता, आर्म नीट आवळून देतो म्हणून; गॅरेजमधून दोन तासांची सवड मागून आला होता. वहीत नामाने त्याची वेळ लिहिली. त्याने पहिलं पान बघितलं की नाही, मला कळलं नाही.

बदामाखाली गाडी घेतली. त्याने पुढची दोन्ही चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवली, म्हणजे भार चाकांवर राहील आणि खाली शिरताही येईल. मी टॉर्क रेंच घेऊन उभा होतो. विचारलं, मी काय करू?

"तुमी आत बसा. वजन पायजे."

"नुसतं बसू?"

"नुसता बसा. हलू नका."

ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. काचा खाली. त्याने हात बाहेर काढून माझा रेंच मागून घेतला. खाली बोल्ट सैल झाल्याचा करकर आवाज आला आणि गाडी अंगभर हलकीशी सुस्कारली. मग टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. माझ्याच पान्याचा आवाज, फक्त योग्य वेळी.

रविवार असल्याने माणसं खाली येत-जात होती. दूध, भाजी, पोरांच्या सायकली. सव्वीस जानेवारीला बघायला उभे राहिले होते तेच सगळे. आज कुणी थांबलं नाही. सौरभ समोरून गेले, गाडीच्या टायरकडे बघत. प्रियदर्शिनी मॅडमनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे गेल्या. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. हलायचं नव्हतं, आणि लपायला जागा नव्हती. वर गॅलरीत चारुलता उभी होती. तिने हात वगैरे केला नाही, पण आतही गेली नाही.

खालून रूपेशचा आवाज आला. "काका, नव्यावर पन ठिपका दिलाय तुमी. ठेवू का पुसू?"

"पूस," मी म्हटलं.

पेट्रोलच्या फडक्याचा वास वर आला.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. मला गाडी मागे घ्यायला लावून ठोकळे काढले, हत्यारं पेटीत भरली, माझा रेंच पुसून शेजारच्या सीटवर ठेवला. "पाना चांगला हाय तुमचा," म्हणाला. मला विचारायचं होतं, पुढच्या रविवारी येशील का, बाकीच्या गाड्या बघशील का. विचारायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही. चारुलताने सकाळी दिलेली तिळाच्या वड्यांची पुडी खिशात होती. रथसप्तमी होऊन बारा दिवस झाले. तरी काढून त्याच्यापुढे धरली.

त्याने पुडीकडे बघितलं. मग घेतली, न उघडता वरच्या खिशात टाकली. "आईला देतो," म्हणाला आणि गेटकडे गेला. नामाने वहीत जायची वेळ लिहिली. मोटरसायकल वळणावर दिसेनाशी झाली.

मी किती वेळ तसाच सीटवर बसून होतो माहीत नाही. नामा काठी टेकत आला, काचेशी वाकला आणि म्हणाला, "साहेब, तो गेला. उतरा आता."